मापातली माया

नाचता येईना अंगण वाकडं. ही म्हण आपण दुसऱ्याला सुनावतो, आणि जरा प्रामाणिक असलो तर स्वतःलाही. तिच्यात शहाणपण आहेच. पण एक गोष्ट ती धरून चालते, की अंगण सरळ आहे. ते कुणी मोजलं?

गोल्फच्या मैदानावर मी अकरा वर्षं ही म्हण स्वतःला ऐकवली. होलपासून चार फुटांवर उभा असायचो आणि चेंडू डाव्या कडेने निघून जायचा. उजवीकडून क्वचित, डावीकडून वरचेवर. दर वेळी मनात म्हणायचो, हात हलला. लक्ष उडालं. मान लवकर वर झाली. हातातल्या पटरकडे मी एकदाही संशयाने पाहिलं नाही. स्वतःला दोष देणं म्हणजे विनय, अशी माझी समजूत होती.

आता वाटतं, न तपासता दुसऱ्याला दिलेला दोष आणि न तपासता स्वतःला दिलेला दोष, दोन्ही सारखेच आळशी असतात.

चूक दोन्ही बाजूंना पडत असेल तर ती माणसाची. एकाच बाजूला पडत असेल तर मोजपट्टी काढावी.

*

गोल्फ न खेळणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब, म्हणजे काठ्या, ठेवता येतात. बाकीचे क्लब चेंडू हवेत उडवायला, पटर एकटा तो जमिनीवरून घरंगळवायला. होलभोवती बारीक कातरलेली हिरवळ असते, ती ग्रीन. तिथे पोचलं की पटर हातात येतो.

एकूण होल १८. प्रत्येक ग्रीनवर दोन फटके गृहीत धरलेले, म्हणजे ३६. पूर्ण मैदानाचा ठरलेला हिशोब, ज्याला पार म्हणतात, तो बहुधा ७२. निम्मा हिशोब एकाच काठीच्या नावावर.

होलचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे सव्वाचार इंच. १८९१ मध्ये हे माप नियमात आलं आणि तेव्हापासून हललेलं नाही. चेंडू ४२.६७ मिलिमीटरपेक्षा लहान चालत नाही. ही मापं सगळ्यांना सारखी. खेळणारा मात्र प्रत्येक जण वेगळ्या मापाचा. ठरलेलं होल आणि न ठरलेला माणूस यांच्या मधोमध पटर उभा असतो. त्याने माणसाच्या बाजूने असावं. होलला मदतीची गरज नाही.

आठ फुटांवरून जगातले अव्वल व्यावसायिकही साधारण निम्मेच चेंडू आत घालतात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये गोल्फपटू अदिती अशोक चौथी आली. तिचा हिशोब पारपेक्षा १५ कमी, कांस्यपदकाचा १६ कमी. चार दिवस, ७२ होल आणि फरक एका फटक्याचा. पटिंग हीच त्या आठवड्यात तिची मोठी ताकद होती.

ज्या खेळात एक फटका इतका मोठा असतो, तिथे अर्ध्या इंचाला लहान म्हणता येत नाही.

*

एकदाचा मी पटरसाठी माप द्यायला गेलो. माझं माप घेणारा मुलगा तिशीतला होता. खोलीत कृत्रिम हिरवळीची दहा-बारा फुटांची पट्टी, टोकाला एक होल, भिंतीशी ओळीने मांडलेली पटरची डोकी आणि दांड्या. मी माझा पटर पुढे केला. त्याने तो घेतला नाही.

"तो राहू द्या, सर. आधी तुम्ही नुसते उभे राहा."

त्याने उंची घेतली. मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचं अंतर घेतलं. वहीत लिहिलं आणि म्हणाला, "हा झाला अंदाज. आता चेंडूपाशी या. छान उभे राहू नका. रोज राहता तसे राहा."

छान उभे राहू नका. हे वाक्य मी अजून सोबत बाळगतो. माप देताना आपण पोट आत घेतो, खांदे ताणतो. शिंप्याला खोटं माप देतो आणि सदरा घट्ट झाला की त्यालाच बोलतो. माप घेणाऱ्याचं खरं कसब टेप धरण्यापूर्वीच दिसतं. समोरचा माणूस आहे तसा उभा राहील, इतका निर्धास्त त्याला करता आला पाहिजे.

मग त्याने माझ्या डाव्या डोळ्याखालून दुसरा एक चेंडू सोडला. तो जमिनीवरच्या चेंडूवर पडला नाही. माझ्या पायांच्या बाजूला, दोन इंच अलीकडे पडला. माझी नजर चेंडूच्या थेट वर नव्हतीच. मी रेषा कडेने बघत होतो.

मग तो उकिडवा बसला. पटरचं पुढचं टोक जमिनीवरून किंचित उचललेलं होतं. खिशातून रुपयाचं नाणं काढून त्याने त्या टोकाखाली सरकवलं. नाणं न अडता आत गेलं. त्यावर दुसरं ठेवलं. तेही गेलं.

"दांडी लांब आहे, सर. ३५ इंच. म्हणून तुम्ही चेंडूपासून लांब उभे राहता. पटर टाचेवर टेकतो, टोक वर होतं आणि तोंड जरासं डावीकडे वळतं."

अकरा वर्षांची खंत दोन नाण्यांच्या जाडीत मावत होती.

*

शेवटी त्याने पटरच्या तोंडावर छोटा आरसा चिकटवला आणि होलच्या बाजूने लेझरची रेघ सोडली. आरशावरून परतलेला लाल ठिपका होलमागच्या फळीवर उमटणार होता. "मध्यावर नेम धरा, आणि धरला की सांगा."

मी नेम धरला. सांगितलं. ठिपका होलच्या डाव्या कडेपासून दोन बोटं बाहेर होता.

मी खोटं बोलत नव्हतो. मला तो मध्यच दिसत होता. साक्षीदार प्रामाणिक असला म्हणून साक्ष खरी ठरत नाही. डोळ्याचंही तसंच आहे.

मग त्याने डोकी बदलायला सुरुवात केली. एक पात्यासारखं बारीक. एक मागे रुंद आणि गोलसर. कशाच्या पाठीवर लांब रेघ, कशावर नुसता ठिपका, कशावर काहीच नाही. उभा राहणारा मीच, नजर माझीच, पण लाल ठिपका दर वेळी नव्या जागी. सहाव्या डोक्याला तो होलच्या मध्यावर आला. बाजूला होऊन मी पुन्हा नेम धरला. पुन्हा तिथेच. त्या डोक्यावर रेघ नव्हती. रेघ ही मदत असते असं मी धरून चाललो होतो. माझ्या डोळ्यांना तीच फितवत होती.

एकाची खूण ही दुसऱ्याची भूल असू शकते.

चेंडू कोणत्या दिशेने निघेल हे मुख्यतः आदळण्याच्या क्षणी पटरचं तोंड कुठे आहे यावर ठरतं. हात कोणत्या वाटेने आला, याचा वाटा त्यामानाने लहान. थोड्या वाकड्या वाटेने येऊनही तोंड नीट असेल तर चेंडू नीट जातो. उलटं होत नाही.

*

कार्स्टन सोलहाइम १९११ मध्ये नॉर्वेतल्या बर्गेनला जन्मला. वडील जोडे शिवायचे. कुटुंब अमेरिकेत सिअ‍ॅटलला गेलं. मुलगाही जोड्यांच्या धंद्यात लागला, पैशापायी विद्यापीठ सोडलं, पुढे अभियंता झाला. वयाच्या ४२ व्या वर्षी जनरल इलेक्ट्रिकमधल्या सहकाऱ्यांनी त्याला गोल्फला नेलं. पटिंग काही जमेना.

त्याने अंगणाला बोल लावला. पण म्हणीतला नाचणारा करत नाही अशी एक गोष्ट त्याने केली. अंगण मोजलं.

त्या काळच्या साध्या पटरच्या डोक्यात वजन टोकांना वाटलेलं नसे. चेंडू मध्यापासून जरा सरकून लागला की डोकं हातात फिरायचं. सोलहाइमने वजन मध्यातून काढून दोन्ही टोकांना वाटलं, थोडं टाचेला, थोडं पुढच्या टोकाला. आता चुकून कडेला लागलेला चेंडूही पुष्कळसा सरळ जाऊ लागला. १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रेडवूड सिटीत, घराच्या गॅरेजमध्ये पहिला पटर तयार झाला. चेंडू लागला की त्यातून 'पिंग' असा आवाज यायचा. तेच नाव झालं. १९६६ मध्ये पुढचा आराखडा त्याने ग्रामोफोनच्या तबकडीच्या पाकिटावर काढला. नाव पत्नी लुईसने सुचवलं, 'आन्सर', म्हणजे उत्तर. पटरवर मावावं म्हणून इंग्रजी स्पेलिंगमधलं एक अक्षर गाळा, हेही तिनेच सांगितलं. आज कितीतरी कंपन्यांचे पटर त्याच घडणीचे असतात.

पुढे त्याच्या कंपनीने खेळाडूच्या उभं राहण्याप्रमाणे क्लबचा कोन ठरवायला आणि त्या कोनाच्या रंगाचा ठिपका क्लबवर द्यायला सुरुवात केली. मला यात नवल वाटत नाही. जोडे शिवणाऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलाला हे कुणी शिकवावं लागत नाही, की दोन पाय सारखे नसतात. एकाच माणसाचेही.

*

माझी आई ठेंगणी होती. आमच्या स्वयंपाकघरातला ओटा मिस्त्रीने नेहमीच्या मापाने बांधला होता. आई पाटावर उभी राहून पोळ्या लाटायची. पाट ओल्या फरशीवर सरकायचा, म्हणून त्याखाली पोतं घातलेलं असायचं. संध्याकाळी तिचे खांदे भरून यायचे. घरात सगळे म्हणायचे, उंची कमी पडते हो हिची.

ओटा उंच आहे, असं तीस वर्षांत कुणी म्हटलं नाही. मीही नाही.

ती गेली तेव्हा ओटा तसाच होता. पाटावर तिच्या टाचांच्या जागा गुळगुळीत झाल्या होत्या.

वस्तू न बदलता माणूस झिजवणं, याला आपण संसार म्हणत आलो. शाळेतल्या बाकांना शिस्त म्हणत आलो. ज्याला माप मिळत नाही तो आपल्या शरीरालाच चूक मानू लागतो. दोन नाणी पटरखाली सरकली तेव्हा मला पहिल्यांदा आईचा पाट आठवला.

*

शिंप्याच्या बोलीत एक सुंदर शब्द आहे. शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात त्याला माया म्हणतात. मूल वाढेल, अंग भरेल, तेव्हा ती उसवून कपडा मोठा करता येतो. जुना शिंपी विचारायचा, माया किती ठेवू? माया न ठेवता शिवलेला कपडा पहिल्या दिवशी सगळ्यात सुबक दिसतो आणि वर्षभरात फाटतो.

सोलहाइमने पटरच्या दोन टोकांना जे वजन ठेवलं, ती मायाच. माणूस चुकणार हे आधीच धरून ठेवलेली जागा. चेंडू नेमका मध्यावर लागेल अशा भरवशावर बांधलेलं साधन फक्त चांगल्या दिवशी उपयोगी पडतं. चांगल्या दिवशी कुठलंही साधन चालतं.

मापाशिवाय माया ढगळ होते. मायेशिवाय माप काचतं.

मापाचं साधन ही आजची चैनही नाही. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला ह्यू फिल्प नावाचा कारागीर होता, मूळचा सुतार. त्याने हाताने घडवलेले लाकडी पटर लोक जपून ठेवत. तेव्हा क्लब घडवणारा आणि खेळणारा एकाच गावात राहायचे, एकमेकांना ओळखायचे. मग कारखाने आले. साधनं स्वस्त झाली, पुष्कळांच्या हाती पोचली, हे चांगलंच झालं. पण घडवणाऱ्याने घेणाऱ्याकडे पाहणं थांबलं. माप घेणं म्हणजे ते पाहणं परत आणणं.

*

पटरची पाच मापं.

लांबी. दुकानातले पटर बहुधा ३३ ते ३५ इंचांचे. एवढ्या दोन इंचांत सगळी माणसं बसवलेली असतात. दांडी कापली की डोकं हातात हलकं भासतं, मग त्यात वजन घालावं लागतं. एक माप हललं की शेजारचं जागं होतं.

लाय. दांडी जमिनीशी किती कोन करते, ते. साधारण ७० अंश. हा कोन तुमच्या कमरेत आधीच ठरलेला असतो. पटरने तो फक्त ऐकायचा.

लॉफ्ट. पटरचं तोंड अगदी उभं नसतं, तीन-चार अंश मागे झुकलेलं असतं. कारण चेंडू स्वतःच्या वजनाने गवतात किंचित रुतून बसतो. त्याला आधी त्या इवल्या खळग्यातून बाहेर काढावं लागतं, मग तो घरंगळतो. पूर्वी ग्रीन इतकी बारीक कातरत नसत, तेव्हा हा झुकाव जास्त असे. पुढे ढकलण्याआधी थोडं उचलावं लागतं. मुलं वाढवणाऱ्यांना हे माहीत असतं.

तोल. दांडी बोटावर आडवी तोलून धरा. काही पटरचं तोंड आकाशाकडे होतं, काहींचं टोक खाली लोंबतं. ज्यांचा हात सरळ मागे-पुढे जातो त्यांना सहसा पहिला मानवतो. ज्यांचा हात बिजागरीवरच्या दारासारखा कमानीत फिरतो त्यांना दुसरा. दोन्ही हात बरोबर आहेत. चूक फक्त अदलाबदलीत आहे.

ग्रिप. म्हणजे दांडीची मूठ. जाड ग्रिप मनगटांना गप्प करते. बारीक ग्रिप बोटांना बोलू देते. आपल्या हातांना काय हवं, ते हातांनाच विचारावं.

*

इथे एक अवघड प्रश्न येतो. माणूस आहे तसा मान्य करायचा, तर त्याची चूकही मान्य करायची का? चुकीच्या सवयीला माप देऊन तिला कायम करायचं का?

मी हे त्या मुलाला विचारलं. तो थोडा वेळ माझ्या हातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सर, तुमची पाठ या वयात याहून वाकणार नाही. तिच्यासाठी पटर बदलू. पण उजवा अंगठा तुम्ही घट्ट दाबता. त्याच्यासाठी पटर बदलायचा नाही. अंगठा सैल करायचा."

पाठीला माप, अंगठ्याला शिकवण. सगळं शहाणपण हा फरक ओळखण्यात आहे. जे बदलणार नाही त्याच्यावर रागावणं क्रूर असतं. जे बदलू शकतं त्याला कुरवाळणंही.

जो सगळंच मान्य करतो त्याने तुम्हाला पाहिलेलं नसतं. जो काहीच मान्य करत नाही त्यानेही नाही.

*

गोल्फचं नियमपुस्तक कडक आहे, तरी पटरशी ते जरा मायेने वागतं. इतर क्लब ४८ इंचांहून लांब चालत नाहीत. पटरला ही मर्यादा नाही. इतर क्लबची ग्रिप गोलच हवी. पटरची चपटी चालते. जणू नियम करणाऱ्यांनाही ठाऊक होतं, की इथे माणूस सर्वांत नाजूक असतो.

पण हद्द आहे. दांडी उभ्या रेषेपासून निदान १० अंश कललेली हवी. सॅम स्नीडसारख्या थोर खेळाडूचे हात उतारवयात छोट्या अंतरावर दगा देऊ लागले. तो चेंडूच्या वाटेच्या दोन बाजूंना दोन पाय ठेवून, होलकडे तोंड करून चेंडू ढकलू लागला. १९६८ पासून तसं उभं राहणं बंद झालं. अ‍ॅडम स्कॉटने २०१३ ची मास्टर्स स्पर्धा जिंकली ती लांब पटर छातीशी टेकवून. १ जानेवारी २०१६ पासून पटर असा शरीराला खिळवणंही बंद झालं.

या बंदीबद्दल खेळाडूंमध्ये मतभेद झाले, आणि ज्यांचे हात कापतात त्यांचं दुःख मला कळतं. तरीही त्या नियमामागे मला एक अर्थ दिसतो. साधन तुमच्या मापाचं असू शकतं. ते सावरायचं मात्र तुमच्या दोन हातांनी.

*

माझ्या या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत बळकट पुरावा कोलकात्याचा आहे. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा, ब्रिटनबाहेरचा सगळ्यांत जुना. तिथल्या ग्रीनकीपरचा मुलगा, एस. एस. पी. चौरासिया. कॅडी म्हणून दुसऱ्यांच्या पिशव्या वाहिल्या, बघून बघून खेळ शिकला. २००८ मध्ये युरोपीय टूरवरची इंडियन मास्टर्स जिंकली. २०१६ आणि २०१७ मध्ये लागोपाठ इंडियन ओपन. हे सगळं शिकताना त्याचं माप कुणी घेतलं होतं?

आमच्या मैदानावरही एक कॅडी आहे. सोमवारी मैदान रिकामं असलं की कुणीतरी टाकून दिलेल्या पटरने खेळतो. पटर त्याला मोठा. ग्रिप सोडून दांडीवरच, चार बोटं खाली हात धरतो. आणि दहा फुटांवरून चेंडू आत घालतो. मी विचारलं, जमतं कसं? तो म्हणाला, "साहेब, जो मिळाला त्याच्याशी जुळवून घ्यायचं."

मी बराच काळ या उत्तराने भारावलो होतो. आता ते ऐकून मला वाईट वाटतं. दुसऱ्याच्या साधनाशी जुळवून घेणं ही फार मोठी कला आहे, आणि ती आपण गरिबाकडून फुकट घेतो. मापाशिवायही माणूस मोठा होऊ शकतो, हे चौरासियाने सिद्ध केलं. पण मापाशिवाय जे मागे राहिले, त्यांची नावं आपल्याला कुणी सांगत नाही.

एकाने काटे तुडवत वाट पार केली, म्हणून वाटेवरचे काटे योग्य ठरत नाहीत.

*

माझा नवा पटर तीन आठवड्यांनी आला. ३३ इंच. डोकं जुन्यापेक्षा जड, पाठीवर रेघ नाही. पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा काहीच वाटलं नाही. चष्म्याचा नंबर नेमका लागला की चष्मा जाणवत नाही, तसं. बरोबर मापाची हीच खूण असावी. वस्तू बाजूला होते आणि काम समोर येतं.

दुसऱ्या सकाळी ग्रीनवर गेलो. दव होतं, चेंडूमागे गवतात ओली रेघ उठत होती. चार फूट. चेंडू आत गेला. पुन्हा चार फूट. उजवीकडून निघून गेला. आणखी एक. आत. आणखी एक. डावीकडून गेला.

मी दवात उमटलेल्या त्या रेघांकडे बघत उभा राहिलो. काही होलच्या डावीकडे, काही उजवीकडे, बऱ्याचशा थेट होलपर्यंत. चुका आता दोन्ही बाजूंना होत्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्या होत्या.

हे सांगताना मला आनंदच होतो. मापाचं साधन यश देत नाही. ते फक्त तुमची चूक साधनाच्या चुकीतून सोडवून तुमच्या हातात देतं. मग तिच्यावर काम करता येतं. जी चूक आपली नाही, ती कितीही कष्ट केले तरी सुधारत नाही. अंगण वाकडं आहे हे कळलं की नाच सोपा होत नाही. नाच सुरू होऊ शकतो, एवढंच.

त्या मुलाने निघताना सांगितलं होतं, "दोन-तीन वर्षांनी पुन्हा या, सर. पाठ बदलते, गुडघे बदलतात." मी वहीत तारीख लिहून ठेवली आहे. माप एकदाच घेऊन संपत नाही. ज्याची आपल्याला काळजी असते त्याचं माप पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं.

*

म्हणून एवढंच सांगायचं आहे. तुमच्या घरात कुणी वर्षानुवर्षं एकाच बाजूला चुकत असेल, तर त्याला सुनावण्याआधी खाली बसा. त्याच्या हातातल्या वस्तूखाली एक नाणं सरकवून बघा. ते अडलं, तर म्हण खरी. आत गेलं, तर आजवर दिलेले बोल परत घ्या. माणूस समोर आहे तोवर घ्या.

जुना पटर कापून घ्यावा का, असं मी त्या मुलाला विचारलं होतं. त्याने तो हातात फिरवून पाहिला आणि म्हणाला, चांगला आहे, कापू नका. गेल्या दिवाळीत तो मी भाच्याला दिला. भाचा सहा फूट दोन इंच आहे. अंगणातल्या फरशीवर त्याने तो टेकवला तेव्हा मी खाली वाकून टोकाखाली रुपया सरकवला.

नाणं आत गेलं नाही.